शिरोलीच्या फाउंड्रीत एआय येतंय. आधी मशीनची ऑर्डर की आधी माणसांशी बोलणं?

भट्टीकाठचा

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून भाग ओतणाऱ्या कारखान्यात, मी क्वालिटी बघतो. मालकांनी यंदा तीन गोष्टी आणायच्या ठरवल्यात. फायनल इन्स्पेक्शनला कॅमेरा, जो कास्टिंगवरचे, म्हणजे ओतलेल्या भागावरचे दोष ओळखेल: ब्लो होल (वायूची भोकं), कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची रेघ), सँड इन्क्लुजन (अडकलेली वाळू). सँड प्लान्ट आणि भट्टीच्या नोंदींवरून रिजेक्शनचा अंदाज आधीच सांगणारं सॉफ्टवेअर. आणि ऑफिसात कोटेशन, पत्रं, एट-डी रिपोर्ट (ग्राहकाच्या तक्रारीवर काय केलं त्याचा अहवाल) लिहायला चॅटजीपीटीसारखं काहीतरी.

मी याच्या विरोधात नाही. पुण्याचे ग्राहक पीपीएम (दहा लाख नगांत किती खराब, तो आकडा) मागतात, तो देताना आमची दमछाक होते. पण माझं ठाम मत आहे की मशीनची ऑर्डर जायच्या आधी कामगारांशी बोलणं झालं पाहिजे आणि त्यांना दिलेला शब्द कागदावर आला पाहिजे. हे मी नुसतं चांगुलपणा म्हणून म्हणत नाही.

आमचं रिजेक्शन रजिस्टर बघा. ज्या शिफ्टला रिजेक्शन जास्त, त्या सुपरवायझरला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापतात. मग काय होतं? कोअर (कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) नीट न बसल्यानं गेलेला जॉब (कास्टिंग)सुद्धा 'सँड'च्या खात्यात पडतो, कारण वाळू बोलत नाही. भट्टीतून लॅडल (वितळलेला धातू नेणारं भांडं) निघाल्याची वेळ रजिस्टरात कायम व्यवस्थित असते, मग प्रत्यक्षात ओतायला कितीही उशीर झालेला असो. ही सगळी रजिस्टरं आता सॉफ्टवेअरला शिकायला देणार. जे भीतीपोटी लिहिलंय तेच ते शिकणार आणि उद्या स्क्रीनवर आकडा दिसला की त्याला कुणी खोटं म्हणायला धजणार नाही.

कुणी कामाच्या ठिकाणी हे नीट केलेलं बघितलंय का? कामगारांना कोणता शब्द द्यावा, जो मालकाला पाळताही येईल?

उद्यमनगरचा_पोरगा

भावा, विषय हार्ड काढलास. माझं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप हाय, म्हणून मालकाच्या बाजूनं बोलतो. शब्द द्यायला कुणाचं काय जातंय? पण ऑर्डरच कमी झाली तर तो पाळायचा कुठनं? 'कुणालाही काढणार नाही' असं लिहून दिलं आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टरचं मार्केट बसलं, तर मी खोटा पडणार. त्यापेक्षा न बोललेलं बरं. सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) आली तवा कुणाला विचारलं होतं? आली, पोरं शिकली, आज तीच पोरं दुसऱ्याला शिकवत्यात.

कोअरशॉपची_ताई

सगळी नाही शिकली दादा. जी शिकली ती तुम्हाला दिसतात, कारण ती अजून शॉपमध्ये आहेत. जी गेली ती दिसायची कुठून?

मी कोअर शॉपला आहे. आम्ही बायका कोअर करतो, साफ करतो, पेंट लावतो. तिथली निम्म्याहून जास्त माणसं ठेकेदाराची. भट्टीकाठचे दादा, तुमचा कागद फक्त हजेरीपटावरच्या परमनंट लोकांसाठी असेल तर ज्याची नोकरी सगळ्यात आधी जाईल त्याला त्यात जागाच नाही. ठेकेदाराला फोन गेला की 'उद्यापासून चार कमी पाठव' एवढ्यावर काम भागतं. त्याला कुणी काढलं असं होतच नाही, तो नुसता आला नाही.

दुसरं, मीटिंग घेऊन विचारू नका. साहेब समोर बसलेत, सुपरवायझर शेजारी उभा आहे, अशात कोण हात वर करणार? चहाच्या सुट्टीत चार-पाच जणींना बसवा, सुपरवायझरला बाहेर ठेवा आणि प्रश्न असा विचारा: तुमच्या कामातलं कोणतं काम मशीननं केलेलं चालेल आणि कोणतं नाही? मी माझं सांगते. वाळूची पोती उचलणं, तो ओव्हनजवळचा उकाडा, हे मशीननं उद्या नेलं तरी चालेल. कोअर हातात घेऊन त्याची कड तपासणं मला द्यायचं नाही.

जुना_कॅशियर

बँकेत आयुष्य गेलं, म्हणून हा प्रश्न मला नवा वाटत नाही.

१९८३ साली बँक मालकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी बँकांच्या संगणकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला. त्याआधी १९६० च्या दशकात आयुर्विम्यातल्या संगणकाविरुद्ध कलकत्त्यात मोठं आंदोलन झालं होतं, ते सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. करारात मशीन कुठे बसवायचं, किती बसवायचं यावर मर्यादा होत्या. लेजर पोस्टिंगचं मशीन, आम्ही त्याला एएलपीएम म्हणायचो, ते चालवणाऱ्याला विशेष भत्ता होता. त्या भत्त्यासाठी आमच्या शाखेत चक्क चढाओढ लागली. ज्या मशीनला घाबरून लोक घोषणा देत होते, त्याच्यावर बसायला आता सीनिऑरिटीची यादी निघाली. पैसे थोडेच होते, पण मशीन आलं म्हणजे आपली किंमत वाढली, असं पहिल्यांदा वाटलं.

उद्यमनगरच्या चिरंजीवांना सांगतो, 'कायमचं' लिहून देऊ नका. मुदत घाला. आमचंही कायमचं नव्हतंच. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली आणि देशभरात लाखाहून जास्त बँक कर्मचारी बाहेर पडले. पण मधल्या दीड दशकात लोकांना शिकायला, मुलांची शिक्षणं उरकायला, घराचं कर्ज फेडायला वेळ मिळाला. तो वेळ फार मोलाचा होता.

मिसळप्रेमी_००७

एक शंका. कॅमेऱ्याला कट मिसळचा कट ओळखता येईल का? आमच्या मेसमध्ये तातडीने बसवायचा आहे. 😀

रंकाळा_चौपाटी

मेसवाल्या मावशींना आधी विचारा, मग बसवा. धाग्याचा विषय तोच आहे. 😀

पुण्यात_अडकलेला

मूळचा कागलचा, सध्या हिंजवडीत. असे कॅमेरे बसवणाऱ्या टीममध्ये काम केलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

कॅमेरा स्वतःहून काही ओळखत नाही. आधी हजारो फोटो काढायचे, मग कुणीतरी माणूस प्रत्येक फोटोवर खूण करतो: हा ब्लो होल, हा नुसता तेलाचा डाग, हा शॉट ब्लास्टिंगचा वण. ही खूण करणार कोण? तुमच्या फायनल इन्स्पेक्शनला वीस वर्षं बसलेला माणूस. म्हणजे त्याची नजरच आपण मशीनमध्ये भरतो. खराब जॉब मुळात कमी असतात, त्यामुळे दोषांचे फोटो कमी पडतात आणि त्याची एकेक खूण महत्त्वाची ठरते. त्यानं मनापासून केलं तर मशीन चांगलं होतं. नोकरी जाणार या भीतीनं त्यानं चालढकल केली तर कितीही महागडा कॅमेरा आणा, तो तेलाचे डागच बाद करत बसतो.

२०२३ मध्ये अमेरिकी संशोधकांचा सुमारे पाच हजार ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. एआय मदतनीस दिल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. पण नवख्यांमध्ये ही वाढ ३४ टक्के होती आणि जुन्या अनुभवी लोकांमध्ये जवळजवळ काहीच नाही. कारण ते मदतनीस चांगल्या कर्मचाऱ्यांच्याच संभाषणांवरून शिकलं होतं. अनुभवी माणसाचं कसब नवख्याच्या हातात गेलं, कंपनीला फायदा झाला, आणि ज्याचं कसब होतं त्याला त्याबद्दल वेगळं काही मिळालं नाही. मला हा आकडा वाचून अभिमान वाटण्याऐवजी अस्वस्थ वाटलं.

म्हणून कॅशियरकाकांचा भत्त्याचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. खूण करणाऱ्याला वेगळा भत्ता द्या, आणि मशीन चालू झाल्यावर ते तपासायचं कामही त्याच्याच पदनामात घाला.

भट्टीकाठचा

पुणेकर, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. आमच्याकडे फायनलला एक अण्णा आहेत. एसजी आयर्नचा (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं त्या ओतीव लोखंडाचा) जॉब आला की ते आधी बघत नाहीत, छोट्या हातोडीनं टोला मारतात. नीट असेल तर खणखणीत वाजतो. मॅग्नेशियम टाकल्यावर ओतायला उशीर झाला की मॅग्नेशियम उडून जातं, ग्राफाइटचे गोळे नीट बनत नाहीत, आणि त्या जॉबचा आवाज बद्द येतो. अण्णा मान न वळवता तो जॉब डाव्या हाताला सारतात. लॅबमध्ये कापून, मायक्रोस्कोपखाली बघितलं की तेच निघतं. बाहेरून तो जॉब अगदी देखणा असतो. कॅमेऱ्यानं तो पास केला असता.

कॅमेरावाल्या कंपनीच्या माणसानं अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानं मला विचारलं, 'या टेबलावर किती हेडकाउंट आहे?'

उद्यमनगरचा_पोरगा

हे मातर खरं हाय. आमच्या मोल्डिंगच्या मामांनी वाळू मुठीत दाबली, मोडून बघितली की सांगायचे, पाणी जास्त झालंय. लॅबचा रिपोर्ट नंतर यायचा.

पण पावसाळ्यात मामा आजारी पडले की शॉप बंद ठेवू का? तीच नजर मशीनमध्ये आली तर वाईट काय?

भट्टीकाठचा

वाईट काहीच नाही. नजर जपली जावी असं मलाही वाटतं. फक्त ती मामांना विचारून, त्यांचं नाव आणि मोल ठेवून घ्यावी, एवढंच म्हणणं आहे.

डोंगरातला_टेक्निशियन

थोडी वेगळी बाजू मांडतो. मी गगनबावड्याकडच्या भागात एक्स-रे काढतो. आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट नाही, रिपोर्टसाठी फिल्म कोल्हापूरला जाते. छातीच्या एक्स-रेमध्ये क्षयाची शक्यता दाखवणारं सॉफ्टवेअर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच १५ वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीसाठी चालेल म्हणून सांगितलंय. त्याचा अर्थ असा नाही की मशीननं क्षय ठरवला. ज्याच्यावर शंका आली त्याची थुंकीची तपासणी करायचीच आहे. पण ज्याला आठवडाभर थांबावं लागलं असतं, त्याला त्याच दिवशी डबी हातात देता येते.

'माणूस आधी' म्हणताना फक्त नोकरीवरचा माणूस धरू नका. समोर बसलेला रुग्णही माणूसच आहे. तुमच्या कास्टिंगचंही तसंच. तो ब्रेकचा भाग असेल तर कुणाच्या तरी गाडीत बसणार आहे.

कोअरशॉपची_ताई

पटलं. पण तुमच्याकडे मशीन तिथं आलंय जिथं माणूसच नव्हता. आमच्याकडे ते माणसाच्या खुर्चीवर येतंय.

कलम_नऊ_अ

कामगार कायद्याचं काम करतो. चर्चेत दोन गोष्टी घालतो.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे सेवाशर्तीत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे, आणि चौथ्या परिशिष्टात 'कामगारकपात होण्याची शक्यता असलेली यंत्र किंवा तंत्रातली सुधारणा' स्पष्ट लिहिलेली होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कलम ४० मध्ये ही नोटीस आहे. म्हणजे आधी सांगणं ही मालकाची मेहेरबानी नाही. पण नोटीस बोर्डावर कागद चिकटवला म्हणजे बोलणं झालं, असंही नाही. कायदा तळाची पायरी सांगतो.

दुसरं, कॅमेऱ्याचं तोंड कुठं आहे ते आत्ताच लिहून घ्या. जॉब बघायला बसवलेला कॅमेरा सहा महिन्यांनी 'कोण किती वेळ चहाला गेला' मोजायला लागतो. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यानं कामाच्या ठिकाणी माणसाच्या चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातलीय, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. जास्त जोखमीची यंत्रणा कामगारांवर वापरायची तर त्यांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना आधी कळवावं, असंही त्यात आहे. तो कायदा शिरोलीला लागू नाही. पण तुमची कास्टिंग युरोपला जात असतील तर उद्या तिकडचा ग्राहक ऑडिटमध्ये हे विचारू शकतो, हे मालकांच्या कानावर घाला.

ऑफिसातली_मीनाक्षी

सगळे शॉप फ्लोअरवर बोलताहेत, ऑफिसचं कुणीच नाही. मी गोकुळ शिरगावला खरेदी विभागात आहे.

आमच्याकडे चॅटचं सॉफ्टवेअर कुणी आणलंच नाही, ते आपोआप आलं. प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर वापरतो. एकानं ग्राहकाचं ड्रॉइंग त्यात टाकलं, वर 'गोपनीय' लिहिलेलं. कुणी सांगितलंच नव्हतं की काय टाकायचं आणि काय नाही. मग सगळ्यांना दम भरला गेला, आणि लोक वापरतच राहिले, फक्त लपवून. तेव्हा बंदी घालू नका. कंपनीच्या पैशानं एक नीट खातं घ्या आणि ग्राहकाची माहिती, पगार, आधार यातलं काय टाकायचं नाही हे मराठीत एका पानावर लिहून द्या.

आणखी एक. बिहार, ओडिशाची किती मुलं मोल्डिंगला आहेत तुमच्याकडे? त्यांच्यासाठी आम्ही सुरक्षेच्या सूचना या सॉफ्टवेअरकडून हिंदीत आणि ओडियात करून घेतल्या. हिंदी आम्ही वाचून सुधारली. ओडिया त्यांच्यातल्याच एका मुलाला वाचायला दिली, तर लॅडलजवळ उभं राहण्याबद्दलचं वाक्य उलटं निघालं! त्याच्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं असतं? तेव्हापासून त्याची सही असल्याशिवाय कोणतीही सूचना भिंतीवर लागत नाही.

मागवाला_इचल

इचलकरंजीहून. आमच्याकडे यंत्रमागाची मजुरी पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) ठरते, ५२ पिकाला मीटरमागे इतके पैसे. त्यामुळे माग वेगानं चालला तर कामगाराच्या हातात किती येणार हे कागदावर दिसतं आणि त्यावर भांडताही येतं. भांडणं होतातच, मजुरीवरून संप झालेत. पण नफ्यातला वाटा हा भांडणाचा उघड विषय आहे.

तुमच्या कागदात नोकरीचं सगळं येईल आणि हेच राहील, असं वाटतं. रिजेक्शन कमी झाल्यावर जे पैसे वाचतील त्यातले कामगाराला किती? वितळवायची वीज वाचणार, ग्राहकाचा दंड वाचणार. ते सगळं मालकाच्या खिशात गेलं तर कामगारानं रजिस्टर खरं का लिहावं? टक्का ठरवा. छोटा असू दे, पण ठरवा.

उद्यमनगरचा_पोरगा

इचलवाले दादा, हे मला जमंल. माणसं कायम ठेवायचा शब्द देताना जीव दबकतोय. पण वाचलेल्या पैशातला वाटा द्यायला काय हरकत न्हाई. वाचले तरच द्यायचेत.

पुण्यात_अडकलेला

अजून एक, शेवटचा शब्द कुणाचा ते ठरवा. टोयोटाच्या कारखान्यात कुणीही कामगार दोरी ओढून मदत मागू शकतो, वेळ पडली तर लाइन थांबते, आणि त्याबद्दल त्याला कुणी रागावत नाही. कॅमेरा 'पास' म्हणाला आणि अण्णा 'नापास' म्हणाले, तर जॉब बाजूला पडला पाहिजे. अण्णांना कारण लिहायला लावू नका, 'आवाज बद्द' एवढं पुरे. ते जॉब लॅबला पाठवा आणि महिन्याच्या शेवटी बघा, कोण किती वेळा बरोबर होतं. कॅमेरा बरोबर निघाला तर तेही लिहा. नाहीतर काही आठवड्यांत सगळे हिरव्या दिव्यावर मान डोलवायला लागतात, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

भट्टीकाठचा

मंडळी, फार उपयोग झाला. काल मालकांशी तासभर बोललो, त्यांना हा धागाही वाचायला दिला. कच्चा मसुदा असा झालाय:

मशीन आल्यानंतर दोन वर्षं त्याच्या कारणानं कुणालाही कमी करायचं नाही, यात ठेकेदाराकडून वर्षभर सलग येणारी माणसंही धरायची. मंदीमुळे कपात करायची वेळ आली तर ऑर्डरचे आकडे कामगारांच्या प्रतिनिधींना दाखवायचे. फोटोवर खुणा करणाऱ्यांना भत्ता, आणि इन्स्पेक्शनच्या माणसांकडे कॅमेऱ्याची देखरेख. कॅमेऱ्यात फक्त टेबल आणि जॉब दिसेल, माणूस नाही. माणसानं बाद केलेला जॉब कॅमेऱ्याच्या सांगण्यावरून पाठवायचा नाही. रिजेक्शनच्या नोंदीवरून सकाळच्या मीटिंगमध्ये कुणालाही झापायचं नाही. हे शेवटचं मालकांना सगळ्यात जड गेलं, कारण झापणारे तेच असतात! पण खोट्या रजिस्टरवर लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर चालवायचं का, असं विचारल्यावर त्यांनी ते ठेवलं.

वाट्याचा टक्का अजून ठरला नाही. मालक म्हणतात, पहिले सहा महिने जुने आणि नवे आकडे बघू, मग ठरवू.

मागवाला_इचल

सहा महिन्यांनी ठरवू म्हणजे ठरणार नाही. आकडा नंतर भरा, पण 'वाटा दिला जाईल आणि तो अमुक तारखेला ठरेल' ही ओळ आत्ताच घाला.

कोअरशॉपची_ताई

वर्षभर सलग येणाऱ्यांची अट काढा. ठेकेदार अकराव्या महिन्यात खंड दाखवतो, हे तुम्हालाही माहीत आहे. 'मशीनची ऑर्डर गेली त्या दिवशी शॉपमध्ये कामावर असलेले सगळे' असं लिहा, आणि त्या दिवसाची गेटची नोंद जोडा. ठेकेदाराचीही सही घ्या.

भट्टीकाठचा

ताई, गेटची नोंद जोडायची कल्पना चांगली आहे. खंडाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन्ही ओळी बदलून कागद परत मालकांकडे नेतो. ठेकेदाराच्या सहीवर घासाघीस होणार, पण तो मुद्दा सोडत नाही.

उद्यमनगरचा_पोरगा

कागद फायनल झाला की कंपनीचं नाव काढून हितं टाक भावा. माझ्याकडं मोजकी माणसं हाईत, पण दिवाळीनंतर मलाबी कॅमेरा घ्यायचाय.